मंडळी म्हणजे कोण?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, आम्हाला राग नाही. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या चर्चच्या बाया. ख्रिस्ती धर्मात कुटुंब कशाला म्हणतात ते बोला, असं आम्हाला सांगितलंय.

मराठीत 'मंडळी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. घरची मंडळी म्हणजे घरातली माणसं. पूर्वी नवरे बायकोचं नाव घेत नसत, 'आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणत. आणि आमच्या मराठी बायबलात ख्रिस्ती समाजाला शब्द आहे तोही मंडळीच. इमारतीला आम्ही चर्च म्हणतो, पण आत बसणारी माणसं म्हणजे मंडळी. म्हणजे घर आणि धर्म, दोन्हीला शब्द एकच. आता तो आम्ही खरा करतो का, ते पुढे बघू.

मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू एका घरात बोलत बसलाय, गर्दी एवढी की जेवायला सवड नाही. घरच्यांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. आई आणि भाऊ दाराशी आले आणि त्यांनी आत निरोप धाडला. येशूनं भोवती बसलेल्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, देवाच्या इच्छेप्रमाणे चालतात तेच माझे आई-भाऊ, त्याच माझ्या बहिणी. आम्ही आया आहोत, हे वाचताना आम्हाला प्रत्येक वेळी टोचतं. बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या मरियेला काय वाटलं असेल!

पण हाच मुलगा वधस्तंभावर, प्राण जायच्या घटकेला, आईची सोय लावतो. जवळ उभ्या असलेल्या आपल्या शिष्याला सांगतो, ही आता तुझी आई. आईला सांगतो, हा तुझा मुलगा. त्या दिवसापासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे रक्ताचं नातं त्यानं तोडलं नाही, त्याचं कुंपण काढलं. आमची समजूत तरी अशी आहे.

हे बोलायला सोपं, निभवायला अवघड. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यातल्या कितीतरी जणींनी वाचली असतील. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. नवरा जिवंत असून लक्ष्मीबाई छोट्या दत्तूला घेऊन काही वर्षं नातलगांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी सुरुवातीला त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. कोणी जबरदस्ती केली नाही. एकेक आडकाठी त्यांनी स्वतः विचार करून काढली आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. मग त्याच घरात कितीतरी पोरकी मुलं वाढली, कुठल्या जातीची म्हणून कोणी विचारलं नाही. टिळकांनी शेवटी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात तर बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. वर्ष होतं 1917.

आणि आज? आमच्यात एका पंगतीला सगळे बसतात, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. पण सोयरीक निघाली की एखादी आत्याबाई हळूच विचारतेच, "मूळचे कोण हो ते?" चार-पाच पिढ्या ख्रिस्ती होऊनही 'मूळचे' सुटत नाही. येशूनं काढलेलं कुंपण आम्ही लग्नाच्या मांडवात पुन्हा घालतो. हे रेडिओवर बोलू नका असं आम्हाला काही जणांनी सुचवलं होतं. बोलायचं ठरवलं.

असाच दुसरा हळू आवाजातला प्रश्न मूल दत्तक घेताना येतो. "रक्त कोणाचं, काय माहीत?" अशा बाईला आम्ही मत्तयाचं पहिलं पान उघडून देतो. तिथे येशूची वंशावळ आहे, अब्राहामापासून तीन वेळा 14 पिढ्या मोजून. ती येऊन थांबते योसेफापाशी, आणि आमच्या श्रद्धेप्रमाणे योसेफ हा त्याचा जन्मदाता नव्हेच! सुतारानं मुलाला आपलं नाव दिलं, त्यावर तो दाविदाच्या घराण्याचा झाला. त्याच यादीत रूथ आहे, परक्या मवाब देशातली विधवा, जी सासूला एकटं सोडून माहेरी परत गेली नाही.

एवढं असूनही ख्रिस्ती जोडप्याला पूर्वी कायद्यानं मूल दत्तक घेता येत नसे. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. आमच्या लोकांना 1890 च्या कायद्याखाली फक्त पालक म्हणून नेमणूक मिळे, तीही मूल सज्ञान होईपर्यंत. घरात 'आई' म्हणणारं लेकरू कागदावर मात्र सांभाळायला दिलेलं! बाल न्याय कायदा 2000 साली आला, 2006 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला खरंखुरं दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. आता 2015 चा कायदा लागू आहे.

आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा अख्खी मंडळी उभी राहून वचन देते, की या लेकराला वाढवायला आम्हीही हातभार लावू. पोटचं असो की दत्तक, वचन तेच.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर, मग धर्म कुठलाही असो, नीट ऐका. नोंदणी 'कारा' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर करायची. एकटी बाईसुद्धा मूल घेऊ शकते, मुलगा किंवा मुलगी. 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अर्ज भरता येत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर मूल आणू नका, तो गुन्हा आहे. आणि जाताना एकटीनं जाऊ नका, शेजारची एखादी सोबत घ्या.