परदेशी जाणाऱ्या मुलाच्या दुखण्याची तरतूद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलावून त्यांचे भाषण ठेवावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या खेपेस अध्यक्षाबाई मला म्हणाल्या, "तुझा मुलगा परदेशी आहे. त्याच्या आजारपणाच्या विम्यापायी तू केवढी यातायात केलीस, ते सगळ्यांना सांग." मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तू सांग. तुला जे समजले, ते सगळ्यांना समजेल." मोठ्यांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभी राहिले आहे. काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

भगिनींनो, आज आपल्या आळीतली किती घरे सांगावी, की ज्यांचे कोणी ना कोणी परदेशी आहे किंवा जायच्या तयारीत आहे! मूल निघाले की आपण आया काय करतो? मेतकूट, भाजणी, लिंबाचे लोणचे. बॅगेचे वजन वाढले की पुन्हा सोडतो, पुन्हा बांधतो. पण तिथे पोर अंथरुणाला खिळले तर डॉक्टरचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र आपण एजंटावर नाहीतर देवावर सोपवतो. मीही तेच केले होते. त्यात माझ्या हातून एक मोठी चूक व्हायची होती. ती आज तुमच्यापुढे कबूल करते.

२०२३ साली आमच्या थोरल्याला जर्मनीत, केम्निट्झ या गावच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेव्हा त्याचे वय चोवीस. त्याला लहानपणापासून दमा. थंडी पडली की छातीत घरघर सुरू होते. पंप खिशात असल्याशिवाय तो कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही.

त्या देशाचा असा नियम आहे, की विद्यार्थ्याने वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका खात्यात अडकवून ठेवायची आणि मग ती महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी परत मिळते. त्या साली ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे दहा लाख रुपयांच्या आसपास. आमचे हे एस. टी. च्या वर्कशॉपात आहेत. बँकेचे कर्ज झाले, सोसायटीचे कर्ज झाले, माझ्या पाटल्याही गेल्या. मुलाच्या हातात महिन्याला ९३४ युरो पडणार. त्यात खोलीचे भाडे, खाणे आणि विमा.

आमची कागदपत्रे करून देणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "तिथल्या कायद्याच्या विम्याला महिना सव्वाशे युरो पडतात. मी तुम्हाला खाजगी कंपनीचा, निम्म्याहून कमी पैशांत करून देतो. फक्त फॉर्मवर दमा तेवढा लिहू नका." सव्वाशे युरो म्हणजे सव्वाअकरा हजार रुपये! मला ते म्हणणे तेव्हाच पटले. लग्न जमवताना आपण मुलीचा चष्मा लपवतो, तसा पोराचा दमा लपवला तर काय बिघडले, असा मी विचार केला. मुलगा का कू करीत होता, तर मीच त्याला दटावले, "मोठे सांगतात ते ऐकावं."

दुसऱ्या दिवशी मंडळात आपल्या सिस्टर भेटल्या. सारा जन्म त्यांनी दवाखान्यात काढलेला. त्यांना मी मोठ्या हुशारीने ही गोष्ट सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "दमा लपवशील गं, पण पंप कुणाच्या नावाने घेशील? तिथला डॉक्टर छातीला नळी लावली की पहिलं हेच विचारील, कधीपासून आहे? पोरानं खरं सांगितलं, की कंपनी म्हणेल, तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलं, पैसे मिळायचे नाहीत. आणि खोटं सांगितलं, तर औषध चुकीचं मिळायचं. यातलं तुला कोणतं चालेल?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरी आले आणि मुलाला म्हटले, "विद्यापीठाचा कागद काढ आणि मला शब्दन् शब्द मराठीत सांग." दोन रात्री आम्ही मायलेक तो कागद घेऊन बसलो. त्यातून मला समजले ते असे.

जर्मनीत आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ सालचा आहे. बिस्मार्क नावाच्या प्रधानाच्या कारकिर्दीत तो झाला. तिथे 'क्रांकेनकासे' नावाच्या संस्था असतात. शब्दाचा अर्थच आजारपणाची पेटी. आपल्या भिशीवरून हे चटकन ध्यानात येते. फरक एवढाच, की भिशीत सर्वांनी सारखे घालायचे आणि पाळीने सारखे उचलायचे. त्या पेटीत नोकरदाराने कमाईच्या मानाने घालायचे आणि ज्याला दुखणे येईल त्याच्यासाठी काढायचे. विद्यार्थ्याला मात्र तिशीपर्यंत ठरलेली, सवलतीची वर्गणी. २०२३ साली ती सव्वाशेच्या आसपास होती, आता दीडशेच्या घरात गेली आहे. आणि मुख्य म्हणजे, विद्यार्थ्याला सभासद करून घेताना ही पेटी जुना आजार आहे म्हणून नाही म्हणू शकत नाही. म्हणजे जे लपवायला मी निघाले होते, ते लपवायची गरजच नव्हती!

दुसरा मार्ग खाजगी कंपनीचा. तिथे आधी प्रकृती विचारतात, आणि जुने दुखणे वगळतात, किंवा त्याचे पैसे जादा घेतात, किंवा सरळ नाही म्हणतात. पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. विद्यार्थ्याला कायद्याच्या विम्यातून सूट घेऊन खाजगीत जायचे असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत तसा अर्ज करता येतो. पण एकदा सूट घेतली, की ते शिक्षण पुरे होईपर्यंत ती मागे घेता येत नाही. मागून कितीही पस्तावा झाला तरी दार बंद. त्या गृहस्थांनी आम्हाला स्वस्ताई सांगितली, दाराची गोष्ट सांगितली नाही.

आम्ही सव्वाशेचा विमा घेतला. मुलाने खोलीचा जोडीदार पाहून भाडे कमी केले, मी इकडे दोन घरच्या पोळ्या धरल्या. एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. विद्यार्थ्याचा हा विमा सत्र सुरू झाल्यावर लागू होतो. मुलगा पंधरा दिवस आधी पोचणार होता. तेवढ्या दिवसांसाठी प्रवासाचा निराळा विमा काढला. व्हिसालाही तो लागतोच. मधले दिवस कोरडे राहता कामा नयेत.

त्याच साली डिसेंबरात एका पहाटे तीन वाजता फोन वाजला. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा. फोन मुलाचा नव्हता, त्याच्या जोडीदाराचा होता. "काकू, घाबरू नका. त्याला श्वास घेता येईना, म्हणून ११२ वर फोन केला. गाडी आली, दवाखान्यात नेलंय." भगिनींनो, त्या रात्री मी देवापुढे बसून राहिले. चार हजार मैलांवर लेकरू, आणि मी साधा त्याच्या पाठीवरून हातही फिरवू शकत नव्हते. सकाळी त्याचाच आवाज ऐकला. पहिले वाक्य काय, तर "आई, पैशाची काळजी करू नकोस. नुसतं कार्ड दाखवलं."

तो चार दिवस दवाखान्यात होता. घरी आल्यावर त्याच्या वाट्याला आलेले बिल असे: दवाखान्याचे रोजी दहाप्रमाणे चाळीस युरो आणि रुग्णवाहिकेचे दहा. एकूण पन्नास, म्हणजे साडेचार हजार रुपये. बाकीचे सारे त्या पेटीने भरले. औषधाच्या चिठ्ठीलाही वरचे पाच ते दहा युरोच द्यावे लागतात.

आता त्या जोडीदाराचे ऐका. गुणी मुलगा. इकडे नोकरी करून बत्तिसाव्या वर्षी शिकायला गेलेला. तिशी उलटल्यामुळे विद्यार्थ्याची सवलत त्याला मिळाली नाही. त्याने तीस-पस्तीस युरोवाला स्वस्त विमा घेतला. त्याला पूर्वी मुतखड्याचा त्रास झालेला होता. पुढल्या उन्हाळ्यात तो पुन्हा उठला. कंपनीने कळवले, जुना आजार, पैसे मिळणार नाहीत. कंपनीने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कागदावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलेच होते. पण सगळ्या पोरांनी वर्गणी काढून त्याचे बिल भागवले. ज्याने माझ्या मुलासाठी रात्री धावाधाव केली, त्याच्यावर ही पाळी आली. तेव्हा ज्यांची मुले तिशी ओलांडून जाणार आहेत, त्यांनी चार पैसे जास्त पडले तरी चालतील, पण पुरता खाजगी विमा घ्यावा. जुने दुखणे फॉर्मवर लिहून, ते मान्य केल्याचे कागदावर घ्यावे.

२०२५ साली थोरल्याचे शिक्षण संपले आणि तिथेच नोकरी लागली. आता पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी आणि वर त्या पेटीची जादा वर्गणी जाते. त्यातले अर्धे मालक भरतो, अर्धे याच्या पगारातून जातात. म्हातारपणाच्या शुश्रूषेसाठी थोडी निराळी वर्गणी असते. ज्याचा पगार वर्षाला ठरावीक रकमेच्या वर जातो, २०२६ साली ही रक्कम ७७,४०० युरो आहे, त्याला खाजगी कंपनीत जायची मुभा मिळते. तरुणपणी ते स्वस्त पडते. पण तिथे माणशी निराळा हप्ता. पेटीत मात्र बायको मिळवती नसेल, तर ती आणि मुलेबाळे त्याच एका वर्गणीत येतात. आणि पंचावन्न वर्षांनंतर खाजगीतून पेटीत परतणे जवळजवळ अशक्य होते. थोरल्याचे लग्न यंदा ठरते आहे. मी त्याला म्हटले, "पगार वाढला तरी एकट्याचा हिशेब करू नकोस, संसाराचा कर."

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. इंग्लंडला जाणाऱ्यास व्हिसाच्या अर्जाबरोबरच सरकारला आरोग्याची रक्कम भरावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून ती मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्याला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्यांची एकदम. मग तिथला सरकारी दवाखाना खुला होतो. दुबईत नोकरदाराचा विमा मालकाने काढायचा असतो, पण बायको-मुलांचा ज्याने त्यांना बोलावून घेतले त्याने काढायचा. जावई म्हणाले, "कंपनीचा विमा आहे," तर "आमच्या मुलीचा आहे का?" एवढे विचारायला लाजू नका.

आणि आपण आया भेटीला जातो तेव्हा? जर्मनीच्या भेटीच्या व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो, रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी नव्हे. गोळ्या इथूनच चिठ्ठीसह न्याव्या, आणि फॉर्मवर रक्तदाब, साखर जे असेल ते लिहावे.

माझे सांगणे चार प्रश्नांत संपते. हा कागद नुसता व्हिसा मिळवून देतो, की डॉक्टरही? जुने दुखणे यात धरले आहे का? कोणत्या तारखेपासून लागू, आणि मधले दिवस रिकामे तर नाहीत? आणि हे एकदा घेतल्यावर बदलता येते का? या चारांची उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय सही करू नये. हे विचारायला इंग्रजी लागत नाही. सातवीपर्यंतचे शिक्षण पुरते, आणि एक सिस्टरसारखी स्पष्ट बोलणारी मैत्रीण लागते. अशी मैत्रीण मला या मंडळाने दिली, म्हणून त्या डिसेंबराच्या रात्री माझ्या लेकराला श्वास मिळाला.

ज्यांना आपले कागद दाखवायचे असतील त्यांनी दुपारी तीननंतर माझ्या घरी यावे. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण धाकटी वाचून दाखवते आणि काय विचारायचे ते मला माहीत आहे. चहाही होईल.