रात्री अडीचचा डबा

(कोल्हापुरातील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधल्या भट्ट्या रात्री का पेटतात, याचं उत्तर वीजबिलात सापडतं. वर्षानुवर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात कारखान्यांना वीज सवलतीच्या दराने मिळत आली, आणि इंडक्शन भट्टीत लोखंड वितळवायचं तर वीज भरमसाट लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीतल्या अनेक मालकांनी हिशेब मांडला आणि ओतकामाचा भार तिसऱ्या पाळीवर टाकला. त्या हिशेबात एक आकडा कधीच धरला गेला नाही, तो म्हणजे भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पोटाचा घेर.

तिसरी पाळी फक्त फाउंड्रीत नसते. ऊस तुटायला लागला की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि गव्हाणीत मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत चार-पाच महिने गाळप रात्रंदिवस चालतं. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्या शहरात आजही बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या ही नेहमीची गोष्ट आहे. सीपीआर रुग्णालयातल्या सिस्टर, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, पोलीस, दूध संघाचे टँकरवाले, एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसणारा सुरक्षारक्षक या सगळ्यांचं जेवण आणि झोप ड्युटी चार्ट ठरवतो. या सभागृहात बसलेल्यांपैकीही अनेकांच्या घरात असं एक तरी माणूस असेल.

अशा माणसाचं वजन वाढलं की घरचे, शेजारचे आणि कधीकधी डॉक्टरही एकच निदान करतात: खाण्यावर ताबा नाही, व्यायामाचा आळस. हे निदान अपुरं आहे आणि अन्यायाचंही आहे. पाळीवर काम करणाऱ्याच्या वजनाचा प्रश्न त्याच्या जिभेइतकाच वेळेचा आहे, आणि ती वेळ बहुतेक वेळा त्याच्या हातात नसते.

शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. मेंदूतल्या एका चिमुकल्या केंद्रापासून यकृत आणि स्वादुपिंडापर्यंत पेशीपेशीत ते चालतं. त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर जुळतं, पंचिंग मशीनवर जुळत नाही. अमेरिकेत फ्रँक शीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा जणांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांची झोप आणि जेवण हळूहळू पार उलट्या वेळेला नेलं. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन 17 टक्क्यांनी घटलं. रक्तातली साखर 6 टक्क्यांनी आणि इन्शुलिन 22 टक्क्यांनी वाढलं. अन्न तेच, माणसं तीच, बदलली ती फक्त वेळ. आणि एवढ्यावर काही निरोगी माणसांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली.

आता वॉर्डातली रात्र पाहू. बाराची इंजेक्शनं झाली, सलाईन बदलून झाल्या, एक नवा पेशंट आला, त्याचे कागद झाले. अडीच वाजता सिस्टर डबा उघडतात. संध्याकाळी सहाला भरलेला डबा. वरच्या पुड्यात चिवट झालेल्या तीन चपात्या, खाली बटाट्याची सुकी भाजी, तळाच्या पुड्यात गोळा झालेला आमटी-भात. भूक नसते, पण आत्ता नाही खाल्लं तर सकाळपर्यंत वेळ मिळायचा नाही, म्हणून सगळं संपवायचं. मग डोळे मिटायला लागतात, म्हणून चहा, चहासोबत खारी. चारला पुन्हा चहा. अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन वाढतं आणि त्या काळात इन्शुलिन आखडतं घेतलं जातं. म्हणजे दुपारी एकला सहज पचला असता असा भात रात्री अडीचला रक्तात जास्त वेळ साखर म्हणून फिरत राहतो. कामगाराची भूक खोटी नसते. शरीर त्या वेळी अन्नाच्या तयारीत नसतं, इतकंच.

या गोष्टीवर उपाय आहे, हे सांगणारा प्रयोगही झाला आहे. 2021 साली 19 जणांवर चौदा दिवसांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांना रात्री जागवलं, पण एका गटाला जेवण रात्रीही दिलं आणि दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर 6.4 टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही, जागरण दोघांचंही सारखंच होतं. माणसं मोजकी, प्रयोगशाळेतली, आणि मोजली ती साखर, वजन नव्हे, हे लक्षात ठेवून बोलायला हवं. तरी पाळीवाल्यांच्या दृष्टीने एवढी दिलासा देणारी माहिती दुसरी नाही. पाळी बदलता येत नसेल, पण डब्याची वेळ बऱ्याचदा बदलता येते.

झोपेचं गणित मात्र अवघड आहे. 2004 साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा दहा तास बिछान्यात घालवलेल्या रात्रींच्या मानाने भूक चेतवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आणि लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलेलं. त्यांना हवंसं वाटत होतं ते गोड, खारट आणि पिठूळ. पहाटे बसस्थानकाबाहेर वडापावच्या गाडीकडे पाय का वळतात, ते यातून कळतं. याची दुसरी, आशेची बाजू 2022 साली दिसली. कमी झोपणाऱ्या, जादा वजनाच्या 80 माणसांपैकी निम्म्यांना फक्त जास्त झोपायला लावलं, आहाराबद्दल चकार शब्द सांगितला नाही. रोज सुमारे सव्वा तास जास्त झोपल्यावर त्यांचं खाणं दिवसाला 270 कॅलरींनी आपोआप कमी झालं.

सव्वा तास! इचलकरंजीत खाली माग आणि वर दोन खोल्या अशा घरात रात्रपाळी करून आलेल्या माणसाने हा सव्वा तास कुठून आणायचा? खालून खटखट चालू, मुलं शाळेला निघालेली, अकराला कुरिअरवाला, बाराला पाहुणा. आणि ती बाई असेल तर तिला झोपायचं असतं हेच घराच्या ध्यानात राहत नाही. सकाळी आठला ड्युटी संपवून आलेली सिस्टर पदर खोचून सैपाकाला लागते, धुणं आवरते, दुपारी दोन तास डोळा लागला तर लागला. तिला वजनावरून टोमणा मारण्याआधी घरातल्यांनी एक काम करावं. तिच्या झोपेच्या सहा-सात तासांत खोलीचं दार बंद, खिडकीला जाड पडदा, तिचा फोन दुसऱ्याच्या हातात आणि सकाळचा सैपाक दुसऱ्याच्या वाट्याला. हा आहारतक्त्याइतकाच खरा इलाज आहे.

बैठं काम ही वेगळी अडचण. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बस आणि ट्रामच्या सुमारे 31,000 कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. 1953 साली त्यांनी दाखवलं की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मग 1956 साली त्यांनी फार सुरेख काम केलं: गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा प्रत्येक वयात मोठ्या निघाल्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा फरक नोकरीला लागतानाही काहीसा होताच, म्हणजे सगळा दोष स्टिअरिंगला देता येत नाही. पण खाकी गणवेश आपल्या एसटीतही आहे, आणि शिंप्याने टीप किती वेळा उसवली याचा हिशेब प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतो. मुक्कामी गाडीवर हा प्रश्न आणखी टोकाला जातो. राधानगरी किंवा गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या गावात गाडी रात्री उशिरा पोचते, जेवण दहा-साडेदहाला, लगेच झोप, आणि पहाटेच्या पहिल्या फेरीसाठी साडेचारला उठायचं. तिथे व्यायामाचं व्याख्यान देण्यापेक्षा एवढं सांगणं बरं: गाडी स्टँडवर लागली की प्रत्येक थांब्याला खाली उतरून दहा मिनिटं पायी फिरा, आणि जेवणाचा मोठा वाटा शेवटच्या फेरीआधी, संध्याकाळीच घ्या.

वजनकाट्यावर फार विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली लॅन्सेटमध्ये आलं. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपून असते, ती बहुतेक पोटाशी. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 झाला की सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटर, बाईची 80 सेंटिमीटर ओलांडली की रक्त तपासून घ्यायचं. अमेरिकेतल्या नर्सच्या मोठ्या अभ्यासात वीस वर्षांहून अधिक काळ रात्रपाळी फिरतीने केलेल्यांना टाइप दोन मधुमेहाचा धोका 58 टक्क्यांनी जास्त निघाला, आणि त्यातला काही भाग वाढलेल्या वजनाचा होता. शिलाईवाल्याची टेप दहा-वीस रुपयांना मिळते. ती घरात असावी.

मग डबा कसा असावा? कोल्हापूरच्या सैपाकघराला यासाठी परकं काही शिकायला नको. अकराच्या पाळीला निघण्यापूर्वी आठ-साडेआठला नीट जेवावं: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा झुणका, कांदा-काकडी, दही. हे रात्रीचं मुख्य जेवण. डब्यात फक्त आधार: उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ताक, एखादं फळ. तो आधार शक्यतो एकच्या आत घ्यावा. भट्टीवर घाम गाळणाऱ्याला एवढ्यावर भागणार नाही, त्याने अर्धी-एक भाकरी जास्त न्यावी, पण वेळ तीच. तीन ते पहाट पाणी आणि ताकच बरं. सकाळी घरी आल्यावर हलकी न्याहारी, मग झोप. मिसळ-कटवडा कुणी सोडू नये, तो सुट्टीच्या दिवशी सकाळी घरच्यांबरोबर खावा. पाळी सुटल्यावर एकट्याने, पेंगत खाण्याची ती चीज नव्हे.

चहाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. दोन चमचे साखरेत सुमारे 40 कॅलरी. रात्रीत सहा कप झाले की 240. जवळजवळ तेवढ्याच, जेवढ्या त्या प्रयोगातल्या माणसांनी नुसतं झोपून वाचवल्या. साखर निम्मी करणं महिनाभरात जिभेला जमतं. आणि चहाचा अंमल कित्येक तास उतरत नाही, म्हणून शेवटचा कप दोन-अडीचच्या पुढे जाऊ नये, नाहीतर सकाळची झोप बिघडते. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र यातली एकही वेळ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नये. साखर एकदम उतरणं हे वाढण्यापेक्षा तातडीने जीवघेणं ठरू शकतं.

इथे पैलवानांची आठवण येते. गंगावेश आणि मोतीबाग तालमीत रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्याला दूध, तूप, बदाम पचतात, कारण मेहनत, खुराक आणि झोप यांची सांगड वस्तादाने घातलेली असते. वस्ताद झोपेची वेळ चुकू देत नाही. पाळीवरच्या कामगाराला असा वस्ताद नसतो. त्याच्या झोपेची वेळ ठरवणारा माणूस ऑफिसात चार्ट लिहीत असतो, आणि खरी मेख तिथे आहे.

चार्ट बदलता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मे 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. आयुक्त होते दत्ता पडसलगीकर, आणि आराखडा एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडलेला होता. मनुष्यबळ कमी आहे, हे जमणारच नाही, असं वर्षानुवर्षे म्हटलं जात होतं. आहे त्याच माणसांत पाळ्या नव्याने बांधून ते सुरू झालं आणि पुढे इतर ठाण्यांत गेलं. 2022 च्या जानेवारीत महिला पोलिसांसाठी राज्यभर बाराऐवजी आठ तासांचा आदेश निघाला. बंदोबस्त लागला की हे सगळं कोलमडतं, हेही खरं. कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते, जोतिबाची चैत्र यात्रा असते, आणि त्या काळात पोलिसाच्या हाती येतं ते पाकिटातलं खाणं. पण बंदोबस्त वर्षातले काही दिवस असतो. उरलेल्या दिवसांचं नियोजन शक्य आहे.

पाळी फिरवायची दिशाही महत्त्वाची. चार्ल्स चाइसलर यांनी 1982 साली युटामधल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत्या केल्या आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलल्या. कामगारांची तक्रार घटली आणि उत्पादनही वाढलं. शरीराच्या घड्याळाला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही, हे त्यामागचं कारण. रात्रीवरून एकदम दुपारी, दुपारवरून सकाळी असा उलटा फेरा जिथे चालू असेल तिथे फक्त क्रम बदलायला एक रुपयाही खर्च येत नाही.

राहिलं कँटीन. 1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून जास्त कामगार असतील तिथे कँटीन सक्तीचं केलं होतं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा 100 वर आणली. पण कोल्हापूरच्या बऱ्याच फाउंड्र्या आणि मशिन शॉप याहून लहान आहेत, त्यांच्या तिसऱ्या पाळीला फाटकाबाहेरची चहाची टपरीच काय ती असते. शिरोलीत स्मॅक आहे, गोकुळ शिरगावात गोशिमा आहे, शहरात इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. कच्चा माल, रस्ते आणि वीजदर यांसाठी या संघटना एकत्र येऊन बोलतात. दहा-बारा कारखान्यांनी मिळून रात्री नऊ ते एक चालणारं एक सामायिक कँटीन काढलं, त्यात भाकरी-उसळ, अंडी, ताक आणि कमी साखरेचा चहा ठेवला आणि पाळीच्या आधीच पोटभर जेवायची सोय केली, तर येत्या उन्हाळ्याच्या आत ते उभं राहू शकतं. जागा औद्योगिक वसाहतीत आहे, महिलांचे बचतगट सैपाकाला आहेत, आणि जेवणारी माणसं तर रोज रात्री फाटकातून आत जातच आहेत.