वैशाखातील सायकल

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी सायकल कोणती घ्यावी, असे कोणी विचारले म्हणजे मी आधी उलट विचारतो : निघणार किती वाजता? पहाटे निघणाऱ्यास कोणतीही सायकल चालते. भर दुपारी कचेरी गाठणाऱ्याचे तसे नाही. हवा अंगाहून अधिक तापली की वारा गारवा देतो तो केवळ घाम वाळवून. म्हणून मागचे दातेरी चक्र मोठे असलेली, पायाला हलकी जाणारी सायकल मला पसंत पडते. वेग थोडा कमी मिळतो, पण दम लागत नाही.

उन्हाने टायर फुटेल म्हणून चाकात हवा कमी भरण्याची आपल्याकडे चाल आहे. मीही ती इमानेइतबारे पाळीत असे! वास्तविक २५ अंशांवर भरलेली हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तरी दाब वाढतो तो जेमतेम दहावा हिस्सा. मऊ चाक मात्र प्रत्येक फेरीस मांड्यांकडून जादा कष्ट वसूल करते. अशाच चाकांवर एका मे महिन्यात मी दुपारी निघालो. वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली. एका पानवाल्याने कडुनिंबाखाली निजवून डोक्यावर पाणी ओतले, म्हणून निभावले.

उन्हात दगा देते ते बहुधा ट्यूबचे जुने ठिगळ. त्याचा चिकट लेप उष्णतेने सैल होतो. तेव्हा चैत्रातच ट्यूब नवी घालावी आणि टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी. हँडलच्या मुठींस सुती कापड गुंडाळावे, हेल्मेट जाळीचे घ्यावे व त्याखाली ओला पंचा बांधावा. पाण्याची बाटली दांडीलाच अडकवलेली बरी. पिशवीतली काढण्यासाठी उतरण्याचा आपण आळस करतो.