मलकापूरची छावणी आणि म्हाताऱ्या शिपायांच्या जबान्या

१८०३ सालचा पावसाळा. आपल्या मलकापूरच्या आसपास दोन मोठ्या फौजा उतरलेल्या होत्या. एक दौलतराव शिंद्यांची, दुसरी नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांची. शिंद्यांच्या छावणीत इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स बसून होता. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे बरं का, त्या काळी राजदूताला वकील म्हणत. फौजा मागे घ्या, असे इंग्रजांचे म्हणणे. आधी तुम्ही घ्या, असे यांचे म्हणणे. बोलणी फिसकटली. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघून गेला आणि युद्ध सुरू झाले. नगरचा किल्ला १२ ऑगस्टला इंग्रजांच्या हाती गेला. २३ सप्टेंबरला असईची लढाई, २९ नोव्हेंबरला आडगावची, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडून दिला. तो निजामाकडे गेला. मलकापूरच्या त्या छावणीपासून तहापर्यंत पुरते पाच महिनेही लागले नाहीत.

एवढा इतिहास शाळेच्या पुस्तकातही मिळेल. मला आज विचारायचे आहे ते वेगळेच. हे सगळे आपल्याला कोणी सांगितले?

असई हे गाव आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय वर्षे ३४. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. समोर शिंद्यांची कवायती पायदळे, शंभराच्या घरात तोफा, आणि शिंदे-भोसल्यांचे हजारो घोडेस्वार; त्याच्याजवळ सात हजारांच्या आसपास शिपाई, आणि मदतीला म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. त्या पेशव्यांच्या स्वारांत बापू गोखले होते, हेही लक्षात ठेवा. मराठे दोन्ही बाजूंना होते.

आता गंमत ऐका. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले, की केळनेला पलीकडे उतरायला वाट नाही. त्याने नदीकाठी पाहिले, तर एका काठावर पिंपळगाव आणि समोरच्या काठावर वरूड. त्याने मनात हिशेब केला, की दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, त्या अर्थी माणसे आणि गुरे येत-जात असणारच. म्हणजे उतार आहे. तो होताच. ही गोष्ट तुम्हाआम्हाला सांगायला सेनापती लागत नाही. नदीकाठचे कोणतेही पोर सांगेल. पण त्या उताराने फौज पार झाली आणि लढाईचा रंग बदलला.

हे आपल्याला कळले ते वेलस्लीकडूनच. टॉमस मन्रो नावाचा त्याचा एक मित्र मद्रासकडे अधिकारी होता. लढाई जिंकली खरी, पण तुम्ही फौजेचे दोन भाग केलेत ते चुकलेच, असे त्याने कळवले. त्यावर १ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने त्याला लांबलचक पत्र लिहून आपली बाजू मांडली. इंग्रजांकडचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता, ९८ तोफा हस्तगत, हे आकडेही त्यांच्याच कागदांतले. आणि शिंद्यांचे गोलंदाज तोफेपाशी कसे उभे राहिले, मेल्यासारखे पडून राहून शत्रू पुढे सरकताच उठून त्याच्या पाठीवर कशा तोफा डागल्या, तेही शत्रूनेच लिहून ठेवले. त्या गोलंदाजांपैकी एकाचे नाव तुम्हाला ठाऊक आहे? मलाही नाही. शूर म्हणून त्यांची साक्ष आहे, पण ती त्यांना मारणाऱ्यांनी दिलेली आहे.

वेलस्लीबरोबर त्या दिवशी एक तेविशीचा तरुण घोड्यावर होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे तो पुण्यात रेसिडेंट झाला, मग मुंबईचा गव्हर्नर. १८२७ साली त्याने ते पद सोडले आणि विलायतेस गेला. गव्हर्नर-जनरलचे पद दोनदा देऊ केले असता नको म्हणाला आणि ग्रंथांत व पत्रव्यवहारात रमला. १८४१ साली त्याने हिंदुस्थानचा इतिहास छापला. आता वाटेल, असईचे वर्णन करायला याच्याहून लायक कोण? पण तो इतिहास १७६१ च्या पानिपतावर येऊन थांबतो. डोळ्यांनी पाहिले ते त्या ग्रंथात आलेच नाही. जे आहे ते तरुणपणी मित्राला लिहिलेल्या खाजगी पत्रांत.

मोठ्या माणसांचे हे असेच होते, आणि ते आपल्याकडेच होते असेही नाही. इथे मी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेतो. इंग्रजांशी लढून अमेरिका स्वतंत्र झाली. युद्ध १७७५ ते १७८३ चालले. त्या स्वातंत्र्याचे दोन धुरीण, जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफर्सन. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १८०० सालच्या निवडणुकीपायी त्यांच्यात इतके वितुष्ट आले, की बोलणे-लिहिणे सगळे बंद. बेंजामिन रश नावाच्या एका डॉक्टर मित्राने मध्ये पडून १८१२ साली त्यांचे सूत जुळवले. दोघेही राजकारणातून निवृत्त, एक उत्तरेला बॉस्टनजवळ, दुसरा दक्षिणेला व्हर्जिनियात. भेट पुन्हा झालीच नाही, पण १४ वर्षांत १५८ पत्रे झाली. त्यातली १०९ एकट्या ॲडम्सची! जेफर्सनचे मनगट जुन्या दुखापतीने धरलेले, ॲडम्सचे हात थरथरणारे, म्हणून तो घरच्यांकडून लिहवून घेई. ॲडम्सची बायको वारली तेव्हा जेफर्सनने धाडलेले सांत्वनाचे पत्रही त्यांत आहे. दोघे गेले एकाच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी.

१८१५ साली ॲडम्सने एका पत्रात जेफर्सनला विचारले, की आपल्या क्रांतीचा इतिहास लिहिणार कोण? लिहू शकेल तरी कोण? जेफर्सनचे उत्तर आले, कोणीच नाही. वरवरच्या घटना तेवढ्या लिहिता येतील. कारण सल्लामसलती बंद दाराआड झाल्या, आणि त्यांची टिपणे कोणी ठेवली नाहीत. ॲडम्सचे तर म्हणणे असे, की लढाई ही खरी क्रांती नव्हेच. पहिले रक्त सांडायच्या आधीच ती लोकांच्या मनात घडून गेली होती.

गोष्ट पटण्याजोगी आहे. पण या दोन शहाण्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नसावी असे मला वाटते. ते पत्रे लिहीत होते त्याच सुमारास त्यांच्याच देशात तो इतिहास लिहिला जाऊ लागला होता, आणि तो लिहीत होते कोर्टाचे कारकून.

झाले असे, की १८१८ साली तिथल्या सरकारने गरीब झालेल्या जुन्या शिपायांना पेन्शन देण्याचा कायदा केला. अर्ज इतके आले, की १८२० साली नवी अट घातली: घरात काय काय आहे त्याची यादी द्या. मग साठी-सत्तरीचे शिपाई कोर्टात येऊन आपली भांडी, खुर्च्या, गाय, डुक्कर, बायकोचे आजारपण, सगळे लिहून देऊ लागले. १८३२ साली कायदा आणखी सैल झाला; गरिबीची अट गेली आणि गावच्या पथकात थोडे महिने काढलेल्यालाही हक्क मिळाला. पण पुरावा? ५० वर्षांपूर्वीचा कागद कोणाजवळ राहतो? घर जळते, वाळवी लागते, पोर फाडते. म्हणून सरकारने सांगितले, की शिपायाने न्यायाधीशापुढे उभे राहून शपथेवर आपली हकीकत सांगावी. ठरावीक सात प्रश्न होते. जन्म कुठला, साल कोणते? वयाची नोंद कुठे आहे का? फौजेत गेलात तेव्हा कुठे राहत होता, आणि त्यानंतर कुठे? नाव निघाले म्हणून गेलात, आपणहून गेलात, की दुसऱ्याच्या बदली? वरचे अधिकारी कोण, आणि नोकरीतले काय काय आठवते? सुटीचा कागद मिळाला होता का? तुमच्या शेजारपाजारचे कोण तुमची ग्वाही देईल?

या प्रश्नांना उत्तरे देताना म्हातारे घसरत. साल चुके, सेनापतीचे नाव चुके. पण अनवाणी चाललो, पावसात भिजलो, भाऊ शेजारी पडला, हे चुकत नसे. कारकुनांनी ते लिहून घेतले. पेन्शनीचे आणि जमिनीच्या हक्काचे मिळून असे सुमारे ८० हजार अर्ज वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. त्यांत लिहिता न येणाऱ्यांनी केलेल्या खुणाही आहेत.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे असे कधी झाले का? एका अर्थी झाले. मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने, आणि १८५२ सालच्या कायद्याने अधिकच नेटाने, इनामदारांकडे पुरावा मागितला. घराण्यांनी सनदा काढल्या, पूर्वजांच्या चाकरीच्या कैफियती लिहून दिल्या. पण अमेरिकेत देण्यासाठी विचारत होते, इथे काढून घेण्यासाठी. आणि ज्याला इनामच नव्हते, त्या साध्या शिपायाला कोण बोलावणार? आपला वऱ्हाड तर त्या वेळी त्या इलाख्यात नव्हताच.

इंग्रजांनी आपल्या बाजूच्यांसाठी १८५१ साली एक पदक काढले, १८०३ ते १८२६ पर्यंतच्या लढायांचे. त्यावर असईची पट्टी होती, आडगावची होती, गाविलगडाचीही होती. मात्र मागणारा जिवंत हवा. असईला विशीत असलेला शिपाई तेव्हा ६८ वर्षांचा! खुद्द वेलस्ली त्यानंतर वर्षभराने, १८५२ साली वारला. म्हातारपणी त्याला एकाने विचारले होते, की लढाईच्या कामात तुमच्या हातून सगळ्यात चांगले काय झाले? तो एकच शब्द बोलला: असई. पुढे काही नाही.

मलकापूरच्या छावणीत ज्याने दाणावैरण पुरवली, किंवा ज्याचे उभे पीक घोड्यांनी खाल्ले, असा २० वर्षांचा शेतकरी धरा. त्याच्यावर त्याच वर्षी दुष्काळही आला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आला तेव्हा तो सत्तरीचा असता, आणि त्याला सगळे आठवत असते. त्याला कोणी सात प्रश्न विचारले नाहीत.

गुरुजींना माझे सांगणे एवढेच. आपल्या जिल्ह्यात माजी सैनिक पुष्कळ आहेत. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. वरच्या वर्गातली दोन मुले आणि एक वही त्याच्या ओट्यावर पाठवा. साल चुकले तर चुकू द्या, मध्येच दुरुस्त करू नका; त्याच्या तोंडचा शब्द असेल तसा उतरवा. घरातल्या आजींनाही विचारा, तो आघाडीवर असताना पेरणी कोणी केली आणि पत्र किती दिवसांनी आले. सुटीचा कागद पेटीत असेल, तो पाहून तिथेच नक्कल करून घ्या, मूळ कागद घरातच राहू द्या. खाली शेजाऱ्याची सही घ्या. पहिला प्रश्न सोपा आहे: बाबा, तुमचा जन्म कोणत्या गावचा, आणि साल कोणते?