आपत्काळाची घरगुती बेगमी



खानदेशास बेगमी शिकविण्याची आवश्यकता नाही. होळी झाली की जळगाव-धुळ्याच्या अंगणांत ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड उन्हात वाळू लागतात. एका घरचे काम शेजारच्या चार जणी मिळून उरकतात. पाहुण्यास हा चवीचा सोहळा वाटतो. वस्तुतः ती पावसाळ्यातील टंचाईची तरतूद असते. कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरलेली ज्वारी हीही त्याच दूरदृष्टीची खूण. या तरतुदीमागील श्रम बहुतांशी स्त्रियांचे, आणि त्यांची नोंद मात्र कोठेच नसते.

१९७२ च्या दुष्काळात ही बेगमीही अपुरी पडली. विहिरी आटल्या, पिके करपली आणि राज्यातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेली. परदेशातून आलेला मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर अनेकांनी दिवस काढले. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा स्वावलंबन म्हणजे एकट्याने सोसणे, असा अर्थ कोणी करू नये. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामूहिक नियमांनीच वाटून घेतले आहे.

आज धान्याहून पाण्याची चिंता अधिक. उन्हाळ्यात नळास काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघर पिंपे भरून ठेवली जातात. पण या तरतुदीतच एक संकट दडलेले असते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याच्या अंड्यांपासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करावे. नुसते ओतून भागत नाही. अंडी भिंतीला चिकटून राहतात, ती घासूनच निघतात. पाणी ओतून देणे जिवावर येते, हे मी जाणतो. ते झाडांना किंवा धुण्यास वापरावे आणि भरलेले पिंप कापडाने घट्ट बांधावे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातील मुलांसही पाठ असावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. कोणाचे अंग फार तापले आणि बोलणे असंबद्ध झाले, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा व त्वरित १०८ क्रमांकास कळवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

तापीकाठच्या कुटुंबांस पावसाळ्याचीही तयारी हवी. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. विसर्गाचा इशारा मिळताच गुरांची दावी सोडावीत. शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक व नित्याची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत आधीच बांधलेली असावीत. विजेरी, काडेपेटी व थोडे फुटाणे-गूळ तिच्याजवळच ठेवावे.

आणि १०८, ११२ व जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक दाराशेजारी भिंतीवर ठळक लिहावेत. आपला फोन बंद पडला तर शेजाऱ्याच्या फोनवरून ते लावता येतात.