डोक्याला मुका मार आणि परत येणारी ठणक



आमच्या गटातल्या एक ताई गोठ्यात शेणावरून घसरल्या, डोकं दावणीवर आपटलं. दवाखान्यात स्कॅन झालं. मेंदूला हलका धक्का बसलाय, आत रक्तस्राव नाही, असं सांगितलं. चार दिवसांत डोकं राहिलं. सातव्या दिवशी त्या खुरपायला गेल्या आणि दुपारी पुन्हा ठणका सुरू. ‘आत काही राहिलं तर नसेल ना?’ या धास्तीनं झोप उडाली.

आम्ही त्यांना घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, अशा धक्क्यानंतर डोकेदुखी जाऊन-येऊन राहते. बहुतेकींना दोन ते चार आठवड्यांत बरं वाटतं, काहींना तीन महिनेही लागतात. ऊन, उपाशी पोट, जागरण, मोबाइल यांनी ती उठते. काळजीनंही वाढते. कामानं दुखलं आणि बसल्यावर उतरलं, तर एवढं काम अजून झेपत नाही असं समजायचं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू कामाला लागायचं. महिनाभर अंथरुणात पडायची गरज नाही.

हात मोडला तर प्लास्टर दिसतं. इथं काहीच दिसत नाही, म्हणून घरात ‘आता किती दिवस?’ सुरू होतं. मग पाण्याचे हंडे आम्हीच वाटून घेतले. ताईंनी वहीत लिहायला घेतलं: कधी दुखलं, आधी काय केलं, कशानं थांबलं. न्याहारी चुकली की हमखास दुखतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं. तेव्हा कुठे झोप लागली.

पण दुखणं वाढतच चाललं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली, नाका-कानातून पाणी आलं किंवा माणूस उठवूनही नीट जागं होईना, तर वहीबिही बाजूला ठेवा. लगेच १०८ ला फोन करा. म्हाताऱ्या माणसांत आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांत काही आठवड्यांनीही आत रक्त साचू शकतं. सासूबाईंचं डोकं महिन्यानं दुखू लागलं, तरी जुना मार डॉक्टरांना सांगा.

दुकानातून मनानं गोळी आणू नका, रोज तर नकोच. आणि मार कसा लागला ते दवाखान्यात खरं सांगा. घरातल्या माणसानं मारलं असेल, तरीही. त्यासाठी १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तो लिहून घ्या.