टीव्ही युनिटवर फिश टँक? अजिबात नको!

मी पाटसहून बोलतोय. मागच्या भागानंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. चार फुटी फिश टँक घेतोय, टीव्ही युनिटवर ठेवला तर चालेल का?

नाही चालणार. का, ते आकड्यांत बघा. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, म्हणजे १६ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं. म्हणजे जवळजवळ ४५० लिटर, तितकेच किलो. १० मिलिमीटरच्या काचेचे सत्तरेक किलो वेगळे. वाळू, दगड धरले की साडेपाचशेच्या पुढे. इथल्या कारखान्याच्या हिशोबात सांगायचं तर साखरेची ५० किलोची ११ पोती हॉलमध्ये थप्पी लावून ठेवायची, आणि ती कधी उचलायचीच नाहीत. टीव्ही युनिट बहुतेक वेळा भुसा दाबून केलेल्या फळीचं असतं. ती पाण्यानं फुगते, आणि फुगली की स्क्रूची पकड गेलीच.

माझ्याकडे बहिणीची तीन वर्षांची पोरगी काचेला नाक लावून तासन्‌तास उभी असते. त्यामुळे स्टँडच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हा शब्द मी ऐकूनच घेत नाही.

आता मुद्दा. जुनं माळवदाचं घर पाहिलंय ना? त्यात तुळई खांबाच्या डोक्यावर बसलेली असते, खांब तळखड्यावर. वरच्या मातीचं सगळं ओझं लाकडातून सरळ दगडात उतरतं, खिळ्याच्या भरवशावर काहीच नसतं. आपला स्टँड तसाच हवा. आडवी पट्टी पायाच्या बाजूला स्क्रूनं टांगू नका, पायाच्या माथ्यावर बसवा. स्क्रू आणि फेव्हिकॉल फक्त जागा सोडू न देण्यासाठी. सुतारकाकांना हे एकदा सांगितलं की ते लगेच ओळखतात, उलट आपल्यालाच दोन गोष्टी शिकवतात.

चार बाय दोन इंचाची पट्टी असेल तर ती उभी लावा. तीच पट्टी आडवी टाकली तर चार पट जास्त वाकते. लाकूड जुन्या घराच्या सागवानी वाशांचं मिळालं तर सोनंच, पूर्ण वाळलेलं असतं. फक्त आतले खिळे काढून घ्या, नाहीतर काकांचा रंधा जाईल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

लोक विसरतात ते डुलणं. वजन पेलणारा स्टँडसुद्धा बाजूनं धक्का बसला की तिरका होऊ शकतो. म्हणून पाठीला पूर्ण प्लाय ठोका, वरच्या फळीलाही प्लायच, आणि त्यावर ७१० नंबरचा शिक्का बघून घ्या. तो पाण्याला टिकणारा असतो.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा.

मग पाणसळ. लांबी, रुंदी आणि तिरकं, तिन्ही बाजूंनी लावा. फरशी उताराची असेल तर पाचर पायाखाली द्या, टँकखाली नको. काच आणि फळीमध्ये थर्माकोलची अखंड शीट टाका. बारीक खडा राहिला तरी काच तिथूनच तडकते.

पहिल्या दिवशी पाव टँक भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत काठापासून टेपनं मोजा. सारखी आली, तरच पुढचं पाणी.